कसोटी फोंडा घाटाची

मोटारींची तुलना करणारा कुठलाही लेख उघडा, त्यात दोन रकाने ठरलेले असतात. एक कामगिरीचा: शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत, ताकद किती, वळणावर गाडी किती चिकटून राहते. दुसरा रोजच्या वापराचा: डिकी केवढी, मागे बसणाऱ्याचे गुडघे कुठे टेकतात, मायलेज काय, स्पीडब्रेकरवर बूड घासतं का. दोन्हींना वेगवेगळे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि विजेता जाहीर करायचा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या टर्बो सेडान गाड्यांच्या बाबतीत ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कुणी प्रश्नच विचारत नाही. मला ती मुळातच चुकीची वाटते. मालवण, कणकवली, देवगड, वेंगुर्ल्याच्या रस्त्यांवर तरी हे दोन रकाने वेगळे राहत नाहीत. इथे जी गाडी रोज वापरता येत नाही तिच्या ताकदीला अर्थ उरत नाही. आणि ताकद अगदीच बेताची असलेली गाडी रोजच्या वापरालाही अपुरी पडते. यातलं दुसरं विधान अनेकांना खटकेल, म्हणून आधी त्याचीच बाजू मांडतो.

मालवणातून कोल्हापूरला निघालेला माणूस कसालला मुंबई-गोवा महामार्गाला लागतो, कणकवलीहून फोंड्याकडे वळतो आणि घाट चढून दाजीपूर, राधानगरी करत वर जातो. महामार्गाचा तुकडा आता चौपदरी आहे, तिथे कुठलीही गाडी चालते. खरा प्रश्न फोंडा सोडल्यावर सुरू होतो. चिऱ्यांनी भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ताशी वीस-पंचवीसनं चढत असतो, त्याच्या मागे तीन गाड्या, त्यांच्या मागे तुम्ही. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद राहिला तेव्हा तर तिकडची सगळी वाहतूक फोंडा आणि भुईबावड्यावर आली होती. अशा ठिकाणी ओव्हरटेक करायला रस्ता सरळ दिसतो तो जेमतेम शे-दीडशे मीटर. चार माणसं, सामान आणि एसी घेऊन चढणारी छोटी, बिनटर्बो गाडी ट्रकच्या बाजूला रेंगाळते. तिला पाच सेकंद जास्त लागले असं धरा. समोरून ताशी ४० नं उतरणारी एसटी सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे त्या पाच सेकंदांत ती ५५ मीटर जवळ आलेली असते. घाटात हे ५५ मीटर म्हणजे सगळं काही. तेव्हा ताकद ही हौशी पोरांची चैन आहे, घरच्या माणसांना घेऊन जाणाऱ्याला तिची गरज नाही, हे म्हणणं या रस्त्यावर टिकत नाही. समोरच्या बाजूला कमीत कमी वेळ घालवणं हा रोजच्या वापराचाच भाग आहे.

पण मग ताकद कुठली, हे पाहावं लागतं. इथे मार्च २०२१ मध्ये भारतात आलेल्या तीन गाड्या उदाहरणाला घेतो. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, ऑडी एस५ स्पोर्टबॅक आणि मर्सिडीज-एएमजी ए३५ फोरमॅटिक. तिघी एकाच महिन्यात बाजारात उतरल्या. बीएमडब्ल्यूची जोडणी चेन्नईत, एएमजीची आपल्या चाकणमध्ये, आणि ऑडी संपूर्ण तयार अवस्थेत आयात केलेली. त्या वेळच्या शोरूम किमती अनुक्रमे ६२ लाख ९० हजार, ७९ लाख ६ हजार आणि ५६ लाख २४ हजार. एस५ तशी पाच दारांची, मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उचलली जाते, पण बसण्या-चालवण्याला ती सेडानच. शून्य ते शंभर: बीएमडब्ल्यू ४.४ सेकंद, बाकी दोघी ४.८. बहुतेक तुलना इथे थांबतात आणि बीएमडब्ल्यूला माळ घालतात.

माझ्या लेखी या आकड्यापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे: इंजिनाचा पूर्ण जोर, म्हणजे टॉर्क, कितव्या आरपीएमला हाती येतो. ऑडीचं तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन ५०० न्यूटन-मीटर जोर १३७० आरपीएमपासून देतं. बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन तेवढाच जोर साधारण १९०० पासून देतं. एएमजी ए३५ चं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. त्याचा ४०० न्यूटन-मीटरचा जोर पुरा मिळतो तो ३००० च्या पुढे. कागदावर ३०६ अश्वशक्ती काही थोडकी नाही. पण घाटात ट्रकच्या मागे इंजिन पंधराशेवर गुरगुरत असतं. जागा दिसली, पाय दाबला, तर ऑडी त्याच श्वासात निघते, बीएमडब्ल्यू जवळजवळ तशीच, आणि एएमजी आधी एक-दोन गियर खाली टाकते, टर्बोत हवा भरते आणि मग उसळते. तो क्षण फार मोठा नसतो. पण जागा दिसते तीही क्षणभरच. ट्रॅकवर हा फरक उमटत नाही, कारण तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमवर ठेवलेलं असतं. ट्रॅकवर जिंकणारी गाडी फोंड्यात मागे पडू शकते ती अशी.

गियरबॉक्सचंही तेच. ए३५ ला दुहेरी क्लचचा गियरबॉक्स आहे. वेगात तो विजेसारखा गियर बदलतो. पण चढावर माणसाच्या चालीनं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं असं सुरू झालं की क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो, तापतो आणि गाडी हिसके देऊ लागते. गणपतीच्या आदल्या दिवशी घाटात लागलेली रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बीएमडब्ल्यू आणि ऑडी, दोघींचे आठ गियरचे बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचे आहेत, म्हणजे तेलातून ताकद देणारे. ते हे काम मुकाट्यानं, न कुरकुरता करतात. कामगिरी आणि रोजचा वापर इथे पुन्हा एकच झाले.

आता चारही चाकांच्या ताकदीबद्दल. ऑडीनं १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो ही गाडी मांडली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जागतिक रॅलीचा नकाशाच बदलला. १९८२ आणि १९८४ चं उत्पादकांचं अजिंक्यपद तिनं घेतलं. त्यानंतर जपान्यांनी तीच कल्पना साध्या चार दारांच्या गाड्यांत उतरवली. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दोन्ही १९९२ च्या. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे सुबारूमधून विश्वविजेता झाला, १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेन मित्सुबिशीतून. रॅलीत उतरवायची गाडी सामान्य गिऱ्हाइकाला काही हजारांच्या संख्येनं विकलीच पाहिजे असा नियम होता, म्हणून या गाड्या लोकांच्या दारात आल्या. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सनं १९९८ पासून लान्सर विकली ती साधी, पुढच्या चाकांची. तिच्याच घराण्यातल्या इव्होची तसबीर मात्र त्या काळातल्या कितीतरी पोरांच्या खोलीत भिंतीवर होती.

हा इतिहास मुद्दाम सांगितला. चार चाकांची ताकद आणि टर्बो ही जोडी जन्माला आली ती चिखलात, खडीत, बर्फात, पावसात. खराब रस्त्यावर साध्या गाडीनं वेगानं आणि न घसरता जावं, एवढ्यासाठी. जोडीचा मूळ हेतूच कामगिरी आणि खडतर रोजचा रस्ता एकत्र आणण्याचा होता. पुढे त्या घराण्यातल्या महागड्या युरोपीय गाड्या रस्त्याला टेकल्यासारख्या खाली बसल्या, टायरांची रबरी भिंत बोटभर उरली, आणि चार चाकांची ताकद सिग्नलवरून सुसाट सुटण्याच्या कामी लागली. ज्या कामासाठी ही कल्पना जन्मली, त्या कामाला तिचे वारस नालायक ठरत गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सिंधुदुर्गात जुलै महिन्यात जे रस्ते असतात ते रॅलीच्या रस्त्यांहून फार निराळे नाहीत. या गाड्यांची खरी परीक्षा इथे घ्यायला हवी होती, आणि ती कुणी घेत नाही.

वर घेतलेल्या तिघींची चार चाकांची यंत्रणा वेगवेगळी आहे. ऑडीच्या मधोमध यांत्रिक डिफरन्शियल आहे. चारही चाकांना ताकद कायम जाते, एरवी पुढे ४० आणि मागे ६० टक्के, आणि एखादं चाक फिरू लागलं की पकड असलेल्या बाजूला ती आपोआप सरकते. कुठल्या सेन्सरनं आधी काही ओळखावं लागत नाही. बीएमडब्ल्यू मूळची मागच्या चाकांची; तिथून अनेक चकत्यांचा, इलेक्ट्रॉनिक ताब्यातला क्लच पुढच्या चाकांना लागेल तेवढी ताकद देतो. एएमजी ए३५ नेमकी उलट: इंजिन आडवं, गाडी मूळची पुढच्या चाकांची, आणि गरज लागली की मागच्या धुरीला निम्म्यापर्यंत ताकद. कोरड्या रस्त्यावर हा फरक जाणकारालाच कळतो. पावसात, चढावरच्या चिमटीसारख्या वळणातून बाहेर पडताना, शेवाळलेल्या कडेवर आतलं चाक असताना, तो सगळ्यांना कळतो. ऑडी तिथून काही घडलंच नाही अशी निघते. बीएमडब्ल्यूचं शेपूट क्षणभर हलतं आणि सावरतं. एएमजीचं नाक आधी बाहेर ओढलं जातं, मग मागची चाकं मदतीला येतात.

पण मोठा गैरसमज इथेच आहे. चारही चाकांना ताकद म्हणजे गाडी पावसात सुरक्षित, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मानतो. ही यंत्रणा गाडी पुढे ढकलायला मदत करते. थांबवायला तिचा काहीही उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, आणि थांबण्याचं अंतर टायर व रस्ता यांच्यातल्या पकडीवर ठरतं. कोरड्या डांबरावर चांगला टायर असेल तर ताशी ८० वरून गाडी साधारण ३१ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर पकड घसरून साठ टक्क्यांच्या आसपास आली की त्याच वेगाला ५० मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी २२. आंबोलीचं धुकं घ्या. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं ते ठिकाण. जुलै-ऑगस्टमध्ये वीस मीटरच्या पलीकडे काही दिसत नाही अशा वेळा रोज येतात. उतारावर, ओल्या रस्त्यावर, वीस मीटरमध्ये थांबायचं तर वेग ताशी ३५ च्या आतच हवा. गाडी ६० लाखांची असो वा ६ लाखांची, हा हिशोब दोघींना सारखाच. आणि धोका असा की चार चाकांची गाडी घसरण्याची आगाऊ सूचना फार उशिरा देते. पुढच्या चाकांची साधी गाडी चढावर जरा जोर दिला की चाक फिरवते, चालवणाऱ्याला कळतं की रस्ता निसरडा आहे. इथे तो इशारा गिळला जातो, माणूस वेगात राहतो आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबतो तेव्हा सत्य समजतं.

दाजीपूरच्या पट्ट्यात तर रात्री गवे रस्त्यावर येतात. राधानगरीचं अभयारण्य गव्यांसाठीच ओळखलं जातं. हेडलाइटच्या उजेडात आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय, वरचं काळं शरीर काळोखात मिसळलेलं असतं. पांढरे पाय दिसले आणि ते काय आहे हे समजलं, यांच्यात जो वेळ जातो त्यात गाडी किती पुढे गेलेली असते, याचा विचार चालवणाऱ्यानं आधी करून ठेवावा. म्हणून या गाड्यांच्या महागड्या साजांपैकी मी सर्वांत वर दिवे ठेवतो. वळणासोबत वळणारे, समोरच्याला न दिपवता लांबवर उजेड टाकणारे एलईडी दिवे घाटात शंभर अश्वशक्तीपेक्षा मोलाचे आहेत.

घाट उतरून किनाऱ्याकडे आलं की परीक्षेचं स्वरूप बदलतं, आणि माझ्या मते हीच परीक्षा सर्वांत कठीण. गावातला एकेरी रस्ता ठरलेल्या मापानं पावणेचार मीटर रुंद असतो. जुन्या वाड्यांतले त्याहून अरुंद. एसटी अडीच मीटर, तुमची गाडी आरसे धरून दोन मीटर. बेरीज साडेचार. म्हणजे कुणीतरी साईडपट्टीवर उतरायलाच हवं, आणि एसटी उतरत नाही. डांबराची कड आणि साईडपट्टीची माती यांच्यात पावसानं वीतभर खाच पाडलेली असते, पलीकडे गडगा किंवा व्हाळ. या तिन्ही गाड्या जमिनीपासून दीडशे मिलिमीटरच्या आतच आहेत. त्या कडेवरून उतरताना आणि परत चढताना पोटाखालून जो आवाज येतो तो एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी एसटी लांबून दिसली की उलटा जाऊन रुंद जागा शोधतो. तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता अशा मापाचा आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधोमध जमिनीची पट्टी आणि तिच्यावर हा एकच रस्ता. मे महिन्यात त्याच्यावर सगळ्या महाराष्ट्राच्या गाड्या येतात. इथे ए३५ च्या १.८ मीटर रुंदीचा आणि दोघींहून कमी लांबीचा फायदा स्पष्ट दिसतो. एस५ तिच्याहून चारेक सेंटिमीटर रुंद आणि सुमारे वीस सेंटिमीटर लांब. कागदावर नगण्य वाटणारे हे आकडे गडग्याच्या कडेला नगण्य राहत नाहीत.

चतुर्थीला मुंबईहून आलेली अशी एखादी गाडी खळ्यात घ्यायची वेळ येते तेव्हा सगळं घर बाहेर येतं. रस्ता आणि खळं यांच्यामध्ये गटार, त्यावर चिऱ्यांचा उंचवटा. घरातून दोन फळ्या येतात, एक पोतं येतं. बंपरचा पुढचा पट्टा फळीला टेकू नये म्हणून गाडी तिरकी घ्यावी लागते, एक चाक आधी, दुसरं नंतर. काका समोर उभा राहून हातानं "येवंदे, येवंदे" करत राहतो आणि एकदम "रव, रव!" म्हणून ओरडतो. चालवणारा पुतण्या उतरून वाकून बघतो. पुढच्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर पांढरी रेघ उमटलेली असते, शेजारी लाल मातीचा लेप. तिरकी चढताना एक चाक अधांतरी होतं, तेव्हा पकड असलेल्या चाकाकडे ताकद पोचणं खरंच कामाला येतं. पण पट्टा आधी घासला तर ती ताकद चाकापर्यंत पोचूनही व्यर्थ.

यावर नेहमीचं उत्तर असतं: मग उंच एसयूव्ही घ्या. मला हे उत्तर पटत नाही. उंची गल्लीत उपयोगी पडते, पण घाटात तिची किंमत मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी झुकते, दिशा बदलायला वेळ घेते, आणि अचानक चुकवायची वेळ आली तर सेडानपेक्षा लवकर तोल गमावते. वजन जास्त, म्हणून उतारावर ब्रेक जास्त तापतात. शिवाय उंचावर बसलेल्या माणसाला वेग कमी वाटतो. चांगल्या सेडानची खालची बैठक ही घाटातली खरीखुरी सुरक्षितता आहे, ती सोडून द्यायची गरज नाही. गरज आहे ती याच बैठकीत दोन बोटं उंची आणि टायरला जरा जाड भिंत देण्याची. एकोणीस इंची चाकाऐवजी अठरा इंची चाक घेतलं तरी दिखाऊपणा थोडा कमी होतो आणि खड्ड्यात रिम वाकायचं वाचतं. चाकण आणि चेन्नईत गाड्या जोडणाऱ्या कंपन्यांना हे अशक्य नाही. भारतासाठी काही गाड्यांची उंची त्या वाढवतातही. स्पोर्ट गाडीचं नाव लागलं की मात्र हात आखडतो, जणू वेगवान गाडी विकत घेणारा माणूस खराब रस्त्यावर राहतच नाही.

मुळात चार चाकांची ताकद लागते का, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारायला हवा. महाराष्ट्रातल्या हौशी चालकांचं खरं प्रेम ज्या गाडीवर आहे, ती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, भारतात कायम पुढच्याच चाकांची आली. साध्या ऑक्टाव्हियाची जोडणी वर्षानुवर्षं औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात झाली, म्हणून ती आपली वाटत आली. २०२५ मध्ये आरएस पुन्हा आली ती फक्त १०० गाड्या, २६५ अश्वशक्ती, पन्नास लाखांना एक हजार कमी. पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल तिला आहे. चांगले टायर घालून ती फोंडा घाट चढली तर वर्षातले आठ-नऊ महिने तिला काहीही कमी पडणार नाही. उरलेल्या तीन-चार महिन्यांसाठी आणि साईडपट्टीच्या चिखलातून परत डांबरावर येण्यासाठी चार चाकांचा उपयोग आहे. मी तो कमी लेखत नाही, कारण आपल्याकडे ते तीन-चार महिने टाळता येत नाहीत. चतुर्थी पावसातच येते. किनाऱ्याच्या वाळूत मात्र यापैकी एकही गाडी घालू नये. चारही चाकं सारखीच रुततात, मग ट्रॅक्टरनं टोचन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वायंगणी, तोंडवळीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि गाडीखाली चिरडलेलं घरटं वरून दिसतही नाही.

देखभालीचा विषय थोडक्यात आटोपतो, पण तो निकाल फिरवू शकतो. या तिन्ही कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर सिंधुदुर्गात नाही. गोवा नाहीतर घाटमाथा गाठावा लागतो. बीएमडब्ल्यूनं वर्षानुवर्षं आपल्या बहुतेक गाड्यांना रन-फ्लॅट टायर दिले, जे पंक्चर झाल्यावरही काही अंतर हळू चालतात. पंक्चरला हा उपाय ठीक आहे. पण खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजू फाटली तर तो संपला, आणि त्या मापाचा टायर कुडाळात-कणकवलीत लगेच मिळेल याची खात्री नाही. या भागात राहणाऱ्यानं पूर्ण आकाराची स्टेपनी घरी ठेवावी, लांबच्या प्रवासात डिकीची जागा गेली तरी चालेल. खाऱ्या हवेचंही लक्षात ठेवावं. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, पहिल्या चार ब्रेकला खरखर येते आणि जाते. तो निरुपद्रवी आहे. चेसिसच्या खालच्या बाजूला खाच पडून तिथे मीठ साचलं तर ते निरुपद्रवी नाही. दर पावसाळ्यानंतर गाडी वर घेऊन गोड्या पाण्यानं खालून धुणं हाच उपाय. आणि भरलेल्या मोरीच्या पाण्यात गाडी घालायची नाही. हवा आत घेण्याची वाट या गाड्यांत खाली आहे. एकदा सिलिंडरमध्ये पाणी गेलं की लाखमोलाचं इंजिन तिथेच वाकतं.

तर मग निवड कुठली? घाटातल्या पावसात सर्वांत निर्धास्त एस५, यात मला शंका नाही. तिचा जोर सर्वांत खालून येतो, तिची चार चाकं सर्वांत नैसर्गिक वाटतात. तरीही मी एम३४०आय घेईन. एस५ चा निर्धास्तपणा ज्या वेगाला पहिल्यांदा उपयोगी पडतो तो वेग ओल्या घाटात मुळात ठेवूच नये असा आहे. थांबण्याच्या अंतराचा हिशोब वर मांडलाच आहे. त्या वेगाच्या आत दोघी सारख्याच चालतात, आणि तिथे बीएमडब्ल्यूचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन जास्त गुळगुळीत, जास्त आज्ञाधारक वाटतं. शिवाय ती निसरड्या वळणावर शेपटीची किंचित हालचाल करून रस्त्याची खबर देते. ती खबर मला हवी आहे. ऑडी ती देत नाही, आणि तेवढ्यासाठी तेव्हाच्या किमतीत सोळा लाख जास्त मोजून आयात गाडी घेण्याचं कारण मला सापडत नाही. ए३५ देवबागच्या गल्लीत दोघींना मागे टाकते. मालवणच्या पेठेतच फिरणाऱ्यानं तिचा जरूर विचार करावा. पण कोल्हापूरची वाट ज्याच्या नेहमीच्या रहाटीत आहे त्यानं तिच्या गियरबॉक्सला आणि उशिरा येणाऱ्या जोराला नाही म्हणावं. पुढे २०२३ मध्ये आलेली एएमजी सी४३ हे गणित बदलत नाही, अधिक ठळक करते. दोन लिटरचं इंजिन, विजेची जोड असलेला टर्बो, चारशेहून जास्त अश्वशक्ती, ९८ लाख रुपये, आणि ५०० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर ५००० आरपीएमला. फोंडा घाटात ट्रकच्या मागे पाच हजार आरपीएम कुणी कशाला ठेवेल?

गाडी ठरवणाऱ्यानं शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हसाठी गुळगुळीत रस्ता घेऊ नये. पावसाळ्यातला एक दिवस मागावा, मागच्या सीटवर घरातली दोन मोठी माणसं बसवावीत, आणि गाडी घाटात एखाद्या भरलेल्या ट्रकच्या मागे दहा मिनिटं चालवावी. मग एका खराब साईडपट्टीवर उतरून परत डांबरावर यावं. विकणारा कंपनीच्या विम्याचं कारण सांगून नाही म्हणेल. तेव्हा निदान चालवणं त्याच्याकडे देऊन आपण बाजूला बसावं, आणि मागच्या माणसांना विचारावं की त्यांनी वरचा दांडा कितीदा धरला.